निर्गुडीचा वास, रेशमाचा पदर

कार्तिकाचे ऊन कोवळे होते, आणि येवल्याबाहेरच्या ओढ्याकाठी निर्गुडी फुलली होती. निळसर-जांभळे, बारीक, विनम्र तुरे. वारा आला की पाने उलटत. वरून हिरवी, खालून रुपेरी. क्षणात हिरवा, क्षणात रुपेरी असा सारा काठ झळकत होता, धूपछाव रेशमासारखा.

त्या काठावर मथुरा पाने खुडत होती. कोवळी नव्हेत, जून, रसभरली, उग्रगंधी. ओटीत पाने होती, बोटांना वास होता, आणि मनात नवऱ्याचा उजवा खांदा होता.

तिचा नवरा त्र्यंबक पैठणी विणत असे. किती नववधूंच्या खांद्यांवर त्याच्या हातचे पदर झळकले असतील. पण स्वतःच्या घरासाठी त्याने कधी एक वीतही विणली नव्हती. आता मार्गशीर्षात एकुलत्या लेकीचे, हर्षदाचे, लग्न होते. मागावर तिची पैठणी चढली होती, डाळिंबी अंगाची, हिरव्या काठांची. अंग विणून झाले, पदर उरला. पदरावरचे दोन मोर उरले. आणि तेव्हाच खांदा धरला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हात हलका ठेवा म्हणाले. त्र्यंबकने गोळ्या घेतल्या. हात मात्र हलका ठेवला नाही. आडव्या धाग्याचा धोटा फेकताना त्याचा चेहरा आक्रसे. मागाची फणी ओढताना ओठ पांढरे पडत.

मथुरेने पाने पाट्यावर वाटली. काळपट-हिरवा रस फडक्यातून पिळला, तिळाच्या तेलात ओतला आणि कढई मंद आचेवर ठेवली. रस तडतडला, फेसाळला, पुन्हा तडतडला. ती ढवळत राहिली. पाणी आटले, तडतड विझली आणि तेल शांत झाले; शांत, हिरवे, नितळ. तिने ते निववले, गाळले, बाटलीत भरले. माहेरी तिच्या आईने असेच केले होते. तिच्या हातांना ते पाठ होते.

"अहो, शर्ट काढा. तेल चोळते."

त्र्यंबकने बाटली नाकाशी नेली आणि परत केली.

"नको. एक थेंब रेशमाला लागला की डाग कायमचा. पदर होऊ दे."

"पदर होईस्तोवर हात राहील का?"

तो मागाकडे वळला. दुसऱ्या विणकराकडून पदर पुरा करून घ्या, असे हर्षदाने सुचवले, तेव्हा मात्र तो फटकन म्हणाला, "लेकीचा पदर आहे. परक्याच्या हातचा नको."

मग मथुरेने तेल फडताळात ठेवून दिले आणि उरलेली पाने घेतली. तव्यावर जाडे मीठ तापवले, त्यावर पाने टाकली. ती कोमेजली, मऊसूत झाली, आणि त्यांच्या कडू वाफेने स्वयंपाकघर भरून गेले. कोऱ्या सुती फडक्यात तिने त्यांची पुरचुंडी बांधली. तेल नाही, ओल नाही, डाग नाही. सकाळी शेक, संध्याकाळी शेक. खांद्यावर ती उष्ण, उग्रगंधी, हिरवी ऊब टेकली की त्र्यंबक डोळे मिटून घेई.

दुखणे उतरले, गेले नाही. हात छातीपर्यंत येऊ लागला. छातीच्या वर मात्र येईना.

एका सकाळी तो मागावर बसला. पाय मागाखालच्या खड्ड्यात, हात रेशमावर. डावीकडच्या मोराची मान विणायला घेतली. चोचीपाशी आला, आणि रंगीत रेशमाची तिल्ली त्याच्या हातातून गळून पडली. त्याने ती उचलली. पुन्हा गळली. तिसऱ्यांदा त्याने उचललीच नाही.

मथुरा दारात उभी होती. त्या मागासाठी तिने आयुष्यभर रेशमाच्या कांड्या भरल्या होत्या, तुटलेले धागे सांधले होते. पण मागाच्या फळीवर ती कधी बसली नव्हती. पदराला दुसऱ्याचा हात त्याला खपत नसे, तिचाही नाही.

ती मोरीवर गेली. बेसनाने हात धुतले, शिकेकाईने धुतले, लुगड्याला न पुसता उन्हात धरून वाळवले. मग पांढऱ्या रेशमाची एक लड तळव्यात घट्ट मिटली आणि त्याच्यापुढे उघडली. लड पांढरीच होती. दुधासारखी पांढरी.

"डाग नाही," ती म्हणाली. "मी बसू?"

त्र्यंबकने लडीकडे पाहिले. तिच्या हातांकडे पाहिले. भेगाळलेले, पिवळट, निर्गुडीच्या वासाचे हात. 

"मी काय परकी आहे?" तिने हळूच विचारले.

तो फळीवर डावीकडे सरकला. वीतभर. तेवढी जागा तिला पुरली.

मग डाव्या हाताने तो डावा मोर विणी, उजवा मोर ती विणी. तो सांगे, "दोन धागे सोड. आता जरीचा धागा घे." ती सोडी, ती घेई. धोटा उजवीकडून ती फेकी, डावीकडे तो झेली. जांभळा आला, पोपटी आला, मोरपंखी आला. पिसामागून पीस, डोळ्यामागून डोळा. हर्षदा चहा आणून ठेवी आणि पावले न वाजवता निघून जाई. 

ज्या दुपारी पैठणी मागावरून उतरली, त्या दुपारी हर्षदाने पदर अंगणातल्या बाजेवर पसरला. जरीचे धागे उन्हात पेटले. समोरासमोर दोन मोर.

"आईचा कुठला?"

"तूच ओळख," त्र्यंबक म्हणाला.

तिने उजव्या मोरावर बोट ठेवले. "हा. याची मान जरा जाड आहे."

"खाऊनपिऊन सुखी आहे तो," मथुरा म्हणाली. तिघेही हसले, आणि हसता हसता हर्षदाने तो पदर डोळ्यांना लावला.

मग मथुरेने तेल कोमट केले. बाजेपासून दूर बसून त्र्यंबकने आपणहून शर्ट काढला. तिची बोटे मानेपासून दंडापर्यंत फिरली, थांबली, पुन्हा फिरली. आता भिण्यासारखे काही उरले नव्हते. खांदा पुरता कधी सुटेल, हे तिला ठाऊक नव्हते. त्यानेही विचारले नाही.

चोळता चोळता त्याची मान झुकली. तो बसल्या बसल्या झोपी गेला. गाढ, निवांत. हर्षदा पैठणीची घडी घालायला उठली, तशी मथुरेने नजरेनेच तिला थांबवले.

अंगण स्तब्ध झाले. ऊन त्याच्या तेलकट पाठीवरून हलके हलके सरकत गेले. आणि आत, मागाच्या रिकाम्या खड्ड्यात, पुष्कळ दिवसांनी, नुसती सावली पाय पसरून निजली.