छपराबाहेरचं वर्ष

पोरांना मिसरूड फुटलं की ती आरशासमोरून हलत नाहीत. जयवंताचा नत्थू मात्र मेंढवाड्यामागं बसून, बोटांना राख लावून वरच्या ओठावरचे केस उपटत होता. ओठ सुजला होता, कुठं कुठं रक्ताचे ठिपके आले होते. लोकर झाडता झाडता जयवंतानं ते पाहिलं आणि तिच्या हातातली काडी तशीच राहिली.

"काहून रे?" तिनं विचारलं.

"दसरा आला माय," नत्थू म्हणाला. "मिशी दिसली का काठी देतीन. मार्चात मॅट्रिक हाय माही."

हिंगण्याच्या पुढं, माळावरच्या त्या मेंढपाळांच्या वाडीत रीतच तशी होती. ओठ काळा झाला की दसऱ्याला पंच पोराच्या हातात काठी देत. त्या दिवसापासून पोरगा पुरुष झाला. मग एक वर्ष, पुढच्या दसऱ्यापर्यंत, त्यानं छपराखाली पाय ठेवायचा नाही. घरात नाही, देवळात नाही, शाळेत तर नाहीच. आभाळाखाली निजायचं आणि मेंढरं राखायची. आणि मेंढरं कोणाची? स्वतःच्या बापाची नव्हे, पंचाची. काठीच्या वर्षाची मजुरी मागणं म्हणजे देवाचा अपमान. वर्ष संपून पोरगा परत आला की शाळा त्याला विसरलेली असे आणि तो शाळेला. या वाडीतली बहुतेक पोरं मॅट्रिकच्या आधीच शाळेतून का गळत, याचं उत्तर शोधायला सरकारी समिती नको होती. चंपतराव पंचाचा कळप मोजला असता तरी पुरे होतं.

मनोहरराव मास्तर सायकल रेटत येऊन पंचाला विनवून गेले होते. पोरगा पहिल्या नंबराचा आहे, परीक्षा होऊ द्या, काठी पुढच्या साली द्या. पंचानं त्यांना दूध पाजलं, खाटेवर बसवलं आणि देवाच्या कामात शाळेनं पडू नये एवढंच सांगितलं. मास्तर मान खाली घालून गेले. शिकलेल्या माणसांची हीच तर खोड, दूध पिऊन जातात.

जयवंताचा थोरला देवाजी याच रीतीत गेला होता. तीन सालांपूर्वी, फागुनात, वर्धा रोडकडच्या शिवारात गारपीट झाली. शेतकऱ्यानं गोठ्यातून हाका मारल्या. देवाजीनं पंचाची सगळी मेंढरं गोठ्यात घातली, दाराशी गर्दी करून थांबलेली कोकरंसुद्धा उचलून आत टाकली, आणि स्वतः बाहेर उभा राहिला. मेंढरं छपराखाली आणि पोरगा गारांखाली. शेतकरी हात धरून ओढायला गेला तर हात सोडवून घेतला त्यानं. मग वीज पडली. पंचानं वाडीभर सांगितलं, पोरगा काठीला जागला. कळपातलं एकही मेंढरू दगावलं नव्हतं. देवाजीच्या नावानं शेंदूर फासलेला दगड मांडला गेला, जयवंताला नवं लुगडं मिळालं. ते तिनं नेसलंही. आता ती आठवण आली की अंगावरचं कातडं सोलून काढावं असं तिला वाटे.

दसऱ्याला ढोल वाजला. पुरुष पुढं, बाया मागं. नत्थूला बाप धोंडबानं खांदा धरून पुढं लोटलं. पंचानं त्याच्या ओठावरून अंगठा फिरवला, खपल्या लागल्या तसा हसला. "बाईवानी तोंड करून आला गा, धोंडबा. तुया पोराले लुगडं नेसवतं का?"

लोक हसले. धोंडबाही हसला, पण त्याचे डोळे जमिनीवर होते. पंचानं काठी नत्थूच्या हातात दिली.

जयवंता बायांतून उठली. मागून एकीनं पदर ओढला, तो तिनं हिसकून घेतला.

"पंच, तुमचा पोरगा शरच्चंद्र कोठी हाय?"

ढोलवाला थांबला.

"नागपूरले," पंच म्हणाला. "कॉलेजात. तुले ठावं नाही का वं?"

"ठावं हाय. माया देवाजीसंगंच त्याची काठी झाली, तवापासून नागपूरच्या धंतोलीत हाय. मंग त्या कॉलेजले छप्पर नाही का?"

मागं कोणीतरी फसकन हसलं आणि दाबलं. पंचाचं तोंड उतरलं. एक रात्र पोरगा उघड्यावर निजला, बाकीच्या वर्षाच्या बदली बकरा देवाला दिला, असं त्यानं सांगितलं.

तीन सालं जयवंताला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"बकरा देऊन सुटता येते," ती हळू म्हणाली. "तं माया लेकराले काहून नाही सांगतलं? माया घरी बकरे नोयते का?"

धोंडबा पुटपुटला, "गप वं. चार माणसं हायेत."

"गप राहिली म्हून एक गेला. दुसरा नाही देत."

तिनं नत्थूच्या हातातली काठी काढली, पंचाच्या पायाशी टाकली आणि पोराला दंडाला धरून जवळच्या झोपडीच्या वळचणीखाली नेऊन उभं केलं. सगळ्यांदेखत. पंच ओरडला नाही. थंडपणे म्हणाला, आजपासून या घराचं पाणी बंद, विस्तव बंद, मेंढरं गावच्या चराईत येणार नाहीत. धोंडबानं पागोटं काढून पंचाच्या पायावर ठेवलं. बायकोकडं त्यानं पाहिलंच नाही.

मायलेक चालू लागले. मास्तरांच्या घरी पोराला एक कोपरा मिळेल, परीक्षेपर्यंत तो तिथंच राहील, एवढंच तिच्या डोक्यात होतं. वाडीची शीव आली आणि मागं ढोल पुन्हा वाजायला लागला. नत्थू थबकला.

"आता रुखमाबाईच्या बापूले काठी देत असतीन," तो म्हणाला. "आठवीत हाय. त्याचीबी मिशी आली."

जयवंता उभी राहिली. आपला पोरगा सुटला होता. कोणीही म्हटलं असतं, बाई, आता मागं पाहू नको.

"तू जाय मास्तरकडं," ती म्हणाली. "रस्त्यात कोठी थांबू नको."

आणि पदर कमरेला खोचून ती ढोलाच्या दिशेनं परत निघाली.