हम्सीऐवजी

हिवाळा लागला तरी हम्सीचे थवे येईनात. बोटभर लांबीच्या त्या माशावर काळ्या समुद्राकाठचं अख्खं बंदर जगत होतं. नुरेत्तिन तांडेलाच्या जाळ्यात मात्र भलतंच काही येई: अक्रोडाएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे गोळे. ना काटा, ना डंख. हातात घेतले की बोटांमधून ओघळून जात.

"जेलीफिश रे, दुसरं काय!" चहाच्या दुकानात सगळे म्हणाले.

नुरेत्तिनला पटेना. एक गोळा नमुने टिकवायच्या औषधी पाण्यात घालून तो मत्स्यशाळेत गेला. पोचेपर्यंत बरणीत नुसता गढूळपणा उरला. तिथे माशांचा अभ्यास करणाऱ्या शुकरानबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्या नावेवरच आल्या. जिवंत गोळा भांड्यात घेऊन त्यांनी उन्हात धरला. त्याच्या अंगावर बारीक फण्यांच्या ओळी रंगीत थरथरल्या.

"हा जेलीफिश नव्हे. परक्या समुद्रातला आहे, जहाजं तोल राखायला पोटात पाणी भरतात, त्यातून आला असावा. हम्सीची अंडी खातो, पिलांचं अन्नही खातो."

"मग उपाय काय, बाई?"

"मला माहीत नाही, तांडेल."

धाकटा भाऊ इल्यास उखडला. "दादा, पोरं घरी वाट बघतायत आणि तू पाण्याला नावं विचारत फिरतोस!"

आठवड्याने जाळं ओढताना ते कधी नव्हे इतकं जड लागलं. इल्यासचा चेहरा फुलला. "आली बघ हम्सी!" ओढयंत्र करकरलं, नाव एका अंगाला कलली. नुरेत्तिनने वाकून पाहिलं. चंदेरी काहीच चमकत नव्हतं. जाळ्याची भोकं लिबलिबीत गोळ्यांनी लिंपून गेली होती.

"काप दोर! मासा नाही त्यात!"

"एवढं वजन नुसत्या पाण्याचं असतं होय?" इल्यासने यंत्र सोडलं नाही.

दोर तुटला आणि त्याच्या छातीवर आदळला. नुरेत्तिनने भावाचं डोकं मांडीवर घेतलं. बंदर दिसायच्या आधीच श्वास थांबला.

दफनानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर बाकीच्या तांडेलांनी पहिल्यांदाच त्याला नीट विचारलं. त्याने बाईंचं सगळं सांगितलं.

"मग आम्ही करायचं काय?" म्हातारा सबाहत्तिन म्हणाला.

"घरी बसा."

सकाळी तीन नावा निघाल्याच. नुरेत्तिनने अडवलं नाही. प्रत्येक नावेवर एकेक धारदार कोयता ठेवून तो एवढंच म्हणाला, "जड लागलं तर आधी कापा, मग बघा."