इतक्यात पाणी घेऊ नका

आरशासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने काळ्या कोटाचा डावा खांदा झटकला आणि मागे वळून विक्रेत्याकडे पाहिलं. कोट नवा कोरा होता. त्यावर पडलेला कोंडा विक्रेत्याच्या डोक्यातला होता. कॉलर नीट करायला तो वाकला होता, तेवढ्यात झालं ते.

गिऱ्हाईक कोट उतरवून "पुन्हा येतो" म्हणालं आणि गेलं. असं म्हणणारे पुन्हा येत नाहीत, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं.

मालकांनी दुकान रिकामं होईपर्यंत वाट पाहिली. मग तो कोट स्वतः ब्रशने साफ करत, वर न बघता म्हणाले, "इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी काही बोललो नाही. पण महिनाअखेरपर्यंत बघा काय ते. नाहीतर मागे गोदामात बसा. पगार तोच राहील."

पगाराची काळजी त्याला नव्हतीच. गोदामात नुसती खोकी होती. बायको गेल्यापासून घरात त्याच्याशी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. मुलगी परगावी; फोन करायची, तब्येत विचारायची आणि ठेवून द्यायची. दिवसभरात जे काही बोलणं व्हायचं ते गिऱ्हाइकांशी, त्यांच्या पाठीमागे उभं राहून, आरशातल्या चेहऱ्याकडे बघत. नोकरी कुठली, कोट कशासाठी हवाय, पोट कधीपासून सुटलं. तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

घरी न जाता तो कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेला. बायको होती तोवर कोंड्याचा हा त्रास नव्हता. शाम्पू तीच आणायची. कुठला, ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. तिने आणलेली शेवटची बाटली संपल्यावर ती त्याने फेकून दिली आणि मग एकामागून एक नव्या आणत गेला. न्हाणीघराच्या खिडकीत आता बाटल्यांची रांग लागली होती. एकीचाही गुण आला नव्हता.

"आज ते काळ्या बाटलीतलं द्या," तो औषधवाल्या बाईंना म्हणाला. "खास पुरुषांसाठीचं."

"पुरुषांसाठी म्हणजे बाटली काळी आणि वास उग्र," बाई म्हणाल्या. "आत तेच असतं, काका. कोंड्याला बाई-पुरुष कळत नाही."

तो हसला नाही. बायको न्यायची तेच हवंय, असं त्याने शेवटी सांगून टाकलं.

"अहो, तेच तर दिलं होतं मी तुम्हाला पहिल्यांदा. निळ्या झाकणाचं, औषधी. उपयोग नाही म्हणून तुम्हीच परत आलात."

"नाहीच झाला."

"किती वेळ ठेवत होतात डोक्यावर?"

"ठेवायचं कशाला? लावलं, धुतलं."

"औषध आहे ते. पाच मिनिटं तरी मुरायला हवं. लगेच धुतलंत तर मोरीचा कोंडा जाईल, तुमचा नाही." बाईंनी फळीवरून बाटली काढली. "काकूंना मी सांगितलं होतं हे. त्या नाही बोलल्या तुम्हाला?"

नव्हती बोलली. बोलली असती तरी त्याने ऐकलं नसतं. औषधाच्या नावानेच तो चिडायचा. घड्याळ बघून त्याने कधी साधी गोळीसुद्धा घेतली नव्हती.

दर रविवारी तो डोक्याला फेस लावून बसला की ती न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर येऊन उभी राहायची. "अहो, इतक्यात पाणी घेऊ नका, मग ऐकू येत नाही तुम्हाला. आधी हे ऐका." आणि सुरू व्हायची. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं भांडण, त्याच्याच बहिणीने बिघडवून परत पाठवलेलं शिवणयंत्र. डोळ्यांत फेस जातोय, आटप लवकर, असं तो आतून खेकसायचा. ती मात्र गोष्ट शेवटपर्यंत नेऊनच म्हणायची, "हं, घ्या आता."

बायकोला बोलायला काळवेळ नाही, असंच तो इतकी वर्षं समजत आला होता.

त्याने निळ्या झाकणाची बाटली घेतली. बाईंनी मोबाइलवर गजर लावायला सांगितलं. त्याने मान डोलावली.

रविवारी फेस लावून तो स्टुलावर बसला. मोबाइल बाहेरच राहिला होता. ती गेल्यापासून न्हाणीघराचं दार तो उघडंच ठेवायचा, लावायचं कुणासाठी? तो उठला, ओल्या हाताने दार लोटून कडी घातली आणि परत बसला. मग घसा साफ करून त्याने दाराकडे तोंड केलं.

"परवा दुकानात एक जण कोट बघायला आला होता," तो म्हणाला. "काळा."

त्याने सगळं सांगितलं. खांदा कसा झटकला ते, मालक वर न बघता कसे बोलले ते, गोदामातल्या खोक्यांचं. गोष्ट मध्येच भरकटली, पुन्हा मागे जाऊन सांगावी लागली. फेस कपाळावरून ओघळून डोळ्यांत गेला, चुरचुरलं, तरी त्याने पुसला नाही. औषधवाल्या बाई मोरीबद्दल काय म्हणाल्या ते सांगताना त्याला हसू आलं.

मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. त्याने बादलीतून तांब्या भरून घेतला आणि दाराकडे कान देऊन तसाच बसून राहिला.