उष्टा बटाटा

"अगं ए भवाने, आजही डबा भरलेलाच?"

आत्याबाईंचा आवाज म्हणजे फुटका नगारा. आमच्या दोन घरांत भिंत एकच, ती बिचारी कशाकशाला अडवणार? शेजारच्या भाऊची बायको, आमची वहिनी, पेरणीनंतर वारली, तेव्हापासून पोरीला सांभाळायला भाऊची ही थोरली बहीण येऊन राहिलेली. तोंडाने फटकळ, पण हात सढळ. रोज डब्यात दोन उकडलेले बटाटे, एक अंडं, मिठाची पुडी. पोरगी मात्र तसाच परत आणायची. हातापायांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या.

मी धुणं टाकून गेले. भाऊ दारात बटाट्याची पोती शिवत होता.

"निवडून निवडून घालते मी! काय वाईट आहे यात?" आत्याबाईंनी डबा आपटला.

"हा आईसारखा नाही," पोरगी म्हणाली.

"आईच्या डब्यात काय सोनं होतं?"

"भरताना आई माझ्या बटाट्याचा एक घास खायची. शाळेत उघडला की तिच्या दातांची खूण दिसायची."

"अगं बाई! लेकराला उष्टं?"

"तिला भूक लागायची ना. पण बाबा बाहेरून ओरडायचे, शेतावर चल लवकर, ऊन चढलं. मग ती म्हणायची, झालं माझं जेवण."

भाऊचा हात थांबला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "बाई जेवत नव्हत्या का?" तेव्हा हाच तावातावाने म्हणाला होता, "घर बटाट्यांनी भरलंय! आमच्या मागून जेवते की ती." बायका मागून जेवतात म्हणे. मागे वळून बघतं कोण?

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच आत्याबाईंनी बटाट्याचा चावा घेतला आणि तो डब्यात ठेवला. पोरगी झाकण धरून उभी.

"झालं तुझं जेवण?"

"छे गं! एवढ्याने माझ्या दाढेलाही पुरत नाही."

"मग बसून जेव. मी बघते."

आत्याबाई ताट घेऊन बसल्या. एका हाताने घास, दुसऱ्या हाताने डोळे पुसणं. पोरगी हलेना.

एवढ्यात बाहेरून गड्यांनी हाक दिली, "चला मालक, ऊन चढलं!"

भाऊ दारात गेला. "थांबा," म्हणाला. "घरातलं माणूस जेवतंय."

हेच मेल्याने आधी म्हटलं असतं तर! तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि पोत्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडला.