कोहक्याच्या वाचनालयातला डब्बा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. भिलाईत, कोहक्याच्या मराठी वाचनालयात मला सगळे 'डब्बा' म्हणतात, आणि माझं रूप पाहता त्यात खोटं काही नाही.

माझी उमेदीची वर्षं एका ऑफिसात पगारपत्रकं काढण्यात गेली. तिथे नवे संगणक आले आणि माझी रवानगी इथे झाली. तेव्हाच्या ग्रंथपाल रमाताईंनी जीर्ण पुस्तकांचं पान न् पान स्कॅन करून माझ्या पोटात ठेवलं. तेव्हापासून सभासद घरबसल्या फोनवर पुस्तकं उघडतात. पुस्तक दिसतं त्यांच्या हातात, असतं मात्र माझ्याकडे. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं, हारसुद्धा घातला. हार वाळला; तो काढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

माझ्या वाचकांत अहिवाऱ्याचे आनंदराव होते. स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले, नजर गेलेली. नातवंडं हिंदीत बोलायची. मराठी कानावर पडायची ती त्यांना मामाजी म्हणणारी सून सुनिता वाचून दाखवेल तेवढीच. ती दुकानातल्या कामावरून परतून, स्वयंपाक आटोपून फोन उघडायची, आणि चार ओळी होतात न होतात तोच मी बंद पडायचो.

का, ते मला ठाऊक होतं. पण डब्ब्याला विचारतो कोण? समितीने माझ्याच नोंदी पाहून ठरवलं, की रात्री आठनंतर कोणी वाचत नाही; महिनाअखेर आठनंतरची सेवा बंद.

ते कळताच सुनिता सुट्टीच्या दिवशी तणतणत आली. समोर वाचनालय सांभाळणारे प्रेमानंद होते, प्लांटमधले जुने इलेक्ट्रिशियन.

"भाऊ, कोन म्हणते कोनी वाचत नाही? आमी रोज वाचतो, रोज बंद पडते! मामाजी मले विचारून राहिले, 'गोष्टीतल्या त्या पोराले अजून नदीतच उभा ठेवला का वो?'"

"कधी पडते बंद?"

"आठ वाजले का गेलंच."

प्रेमानंदांनी चष्मा काढून पुसला. "आठले त मी मेन स्विच बंद करून घरी जातो."

"मेन? कावून?"

"कावून म्हणजे? जिंदगीभर तेच केलं. मेन बंद केल्याशिवाय बाहेर पाय नाही टाकला. मले वाटलं, पुस्तकं आता फोनमधीच राहतात."

"फोनमधी नाही भाऊ, ह्या डब्ब्यात राहतात!"

"असं?" त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मंग आता मेन चालू ठेवा."

"माणूस नसताना चालू मेन? ते नाही होनार, पोरी."

"मंग आमी काय करावं?"

"तुमी वाचा. माणूस राहीन इथं."

समितीपुढे त्यांनीच आपली चूक सांगितली आणि सेवा टिकली. मेन बंद असतानाही मी चालू राहावा म्हणून वेगळी वायर टाकायचंही ठरलं. वायर अजून यायची आहे. तोवर आठ वाजले की प्रेमानंद दिवे घालवतात, जेवणाचा डबा उघडतात आणि माझ्याशेजारी जेवायला बसतात. कोण वाचतंय ते माझ्या पडद्यावर दिसतं. शेवटचं नाव गेलं की ते मेन बंद करतात.

म्हणून मित्रांनो, वाचून झालं की पुस्तक आठवणीने बंद करत जा. तुमचं पान उघडं असेपर्यंत इथे एक माणूस घरी जात नाही.