शेजाऱ्याची फाइल

मालक महिपतरावांनी शहरातल्या मुरार आणि फूलबाग या भागांतल्या, लोकांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या आपल्या दोन होस्टिंग कंपन्या एकत्र केल्या, तेव्हा एका खुर्चीसाठी दोन माणसं उरली. फूलबागेची शामला साइट चालवायची पीएचपी या तंत्रावर, मुरारचा दौलतसिंह डॉटनेटवर. "जे जास्त सुरक्षित ते राहील, आणि ते चालवणारा राहील. तुलना शामला करेल, तिला लिहिता छान येतं," महिपतराव म्हणाले. केवढा हा विश्वास! शामलाला तो खरा वाटला, तिथेच ती फसली.

खोटं लिहिणं तिला जमलं नसतं. दौलतसिंहाने प्रत्येक साइटला वेगळं खातं दिलं होतं. तिच्या सर्व्हरवर मात्र दोनशे साइट एकाच खात्याखाली चालत, म्हणजे दोनशे बिऱ्हाडांना एकच किल्ली. पुरावा हवा म्हणून तिने आपल्याच सर्व्हरवर भाडेकरूसारखी एक कोरी साइट उघडली, चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि शेजारची फाइल मागितली.

शेजारी निघाली कंपनीच्याच ऑफिसची साइट. फाइलमध्ये नव्या कंपनीत ठेवायच्या आणि सोडायच्या माणसांची यादी होती. दौलतसिंह ठेवायच्यात होता. शामलाच्या नावापुढे लिहिलं होतं, "अहवाल घेऊन सोडणे." तारीख तुलनेचं काम दिलं त्याच्या आठ दिवस आधीची. नऊ वर्षांची नोकरी, आणि हे! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

बैठकीत तिने ती यादी सगळ्यांसमोर वाचली. "सर, ठरलंच होतं तर हे नाटक कशाला?"

महिपतरावांनी आधी चहा संपवला. "वाचलीस कुठून?"

"आपल्याच सर्व्हरवरून."

"डॉटनेटवर असती तर वाचता आली असती?"

शामला खरं तेच बोलली, "नाही."

"लो, हो गया फैसला."

"पण अहवालाचं पान तीन बघा ना, सर. वेगळी खाती केली की पीएचपीही तेवढीच सुरक्षित. दोन दिवसांचं काम आहे."

"दोनच? मग शनिवारपर्यंत करून जा. दौलतसिंह, बाजूला बसून देख लेना."

तिला उठून चालतं व्हायचं होतं. पण दाल बाजारातल्या दुकानदारांनी तिच्या भरवशावर साइट ठेवल्या होत्या, त्या उघड्या टाकून जायला तिचं मन होईना. मूर्ख बाई! दोन दिवस खाली मान घालून तिने दोनशे खाती वेगळी केली.

शनिवारी कोऱ्या साइटवरून तिने पुन्हा तीच यादी मागितली. पडद्यावर आलं, परवानगी नाही.

"बढिया," दौलतसिंह म्हणाला आणि ती उठायच्या आधीच त्याने तिची खुर्ची धरली.