बटणावरचा केळीचा घड

मी असोद्याच्या केळी उत्पादक गटाच्या कार्यालयातला एक जुना संगणक आहे. मित्रांनो, १९९८ साली जळगावच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि केळीच्या रिकाम्या ट्रकमधून मी इथे आलो.

माझं काम छोटं होतं. पडद्यावर 'केळी' आणि 'कापूस' अशी दोन बटणं असत. दाबलं की त्या मालाचा ट्रक किती तारखेला येणार ते दिसे. लोक कौतुक करत.

गटात केळीची बाग असलेल्या भिकुबाईंना मात्र आकडे येत, अक्षरं येत नव्हती. एकदा कारकून छगन जागेवर नसताना त्यांनी एका वाटसरूला विचारलं. त्याने घाईत कापसाचं बटण दाबलं. चुकीची तारीख मिळाली, केळीचा ट्रक निघून गेला आणि वीस घड झाडावरच पिवळे पडले.

"मले अक्षर कयत नही, छगनभाऊ. केयी कयते," त्या 'ळ'च्या जागी 'य' म्हणत बोलल्या. "पुन्हा गाडी चुकली तं बाग वाया जाईन."

छगनने बोलावल्यावर माझ्या पडद्यावरची पानं लिहिणाऱ्या सुनंदाताई बटणावर केळीच्या घडाचं चित्र टाकायला जळगावहून आल्या. बटणाचं नाव त्यांनी टॅगमध्येच, म्हणजे टोकदार कंसांतल्या सूचनेत, अवतरणचिन्हांत लिहिलं होतं. याला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. घडाच्या चित्राची सूचनाही त्यांनी त्याच चिन्हांत घातली. तिथे फक्त मजकूर चालतो. मी ती सूचना जशीच्या तशी, इंग्रजी अक्षरांत बटणावर दाखवली.

"ताई, आता तं मलेबी वाचता येत नही," छगन म्हणाला.

"चूक माझी आहे, छगनभाऊ. थांबा जरा."

ताईंनी बटण एलिमेंट म्हणून लिहिलं. एक टॅग उघडणारा, एक बंद करणारा. मधल्या जागेत शब्दही राहतो आणि चित्रही. आता बटणावर केळीचा घड दिसू लागला.

भिकुबाईंना माऊस धरायला वेळ लागला. बाण दोनदा पडद्याबाहेर गेला. मग तो घडावर थांबला आणि त्यांनी बटण दाबलं.

"अठरा," त्या म्हणाल्या. कुणालाही न विचारता.

अठरा तारखेला त्यांचा सगळा माल ट्रकमध्ये चढला.

पुढे नवा संगणक आला. मी आता कपाटाशेजारी असतो. पंख्यात धूळ आहे, पण मी समाधानी आहे. मित्रांनो, आम्हा यंत्रांना अधूनमधून पुसत जा. आणि आमच्यासाठी काही लिहाल, तेव्हा समोर कोण बसणार ते आधी पाहा. त्या माणसाला ते एकट्याने वापरता आलं, तरच तुमचं लिहून झालं असं समजा.